केसाएवढी रेघ

आमच्या छापखान्यात इंग्रजी खिळ्यांच्या सहा केसेस होत्या. पाच केसेसवर टाइपाचं नाव आणि पॉइंट लिहिलेली चिठ्ठी डकवलेली असे. सहावीला चिठ्ठीची गरजच नव्हती. सगळे तिला ‘लग्नाची केस’ म्हणत. तुळशीचं लग्न लागलं आणि पत्रिकांची कामं यायला लागली की अण्णा स्वतः ती केस रॅकमधून ओढून काढत, मऊ ब्रशने खणाखणांतली धूळ झटकत आणि मगच जुळारीकाकांच्या हवाली करत. मुहूर्त संपले की केस परत रॅकमध्ये. मधल्या काळात सोसायटीचं पावतीपुस्तक येवो नाहीतर सर्कशीचं हँडबिल, तिला कुणी हात लावायचा नाही.

त्या केसमध्ये १८ पॉइंटचं बोडोनी इटालिक होतं.

ही सांगलीतली, १९६०च्या दशकातली गोष्ट. पुढे ट्रेडल मशीन, मागे आमचं स्वयंपाकघर, मधल्या बोळात कागदाचे रीम. पत्रिका मराठीच असायच्या, पण मुलगा बँकेत किंवा मिलिटरीत असला की साहेबलोकांना द्यायला पन्नासेक इंग्रजी पत्रिका वेगळ्या लागत. त्यांत वधूवरांची नावं तेवढी या तिरप्या, लवलवत्या अक्षरांत. बाकी मजकूर साध्या टाइपात. याशिवाय एखाद्या डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड, एखाद्या गायन मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेचं शीर्षक. संपलं त्या केसचं काम.

मी सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी मला त्यातला एफ दाखवला. चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, पण त्याची मला सवय होती. मधली दांडी भरदार. वर जाताना ती निमुळती होत होत केसाएवढी उरते, वळते आणि एका गोल थेंबात संपते. खालीही तसंच, बैठकीच्या रेघेखाली उतरून उलट्या बाजूला वळण आणि थेंब. वरचा थेंब खिळ्याच्या चौकोनी अंगाबाहेर झुकलेला होता. त्याला खालून आधारच नव्हता. शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर त्यानं टेकायचं. शेजारी एल किंवा एचसारखं उंच अक्षर आलं तर थेंब त्यावर आपटून तुटायचा. म्हणून एफ-आय, एफ-एल असे जोडखिळे वेगळे ओतलेले असत. “इंग्रजीतलं जोडाक्षर आहे हे,” अण्णा म्हणाले. मला ते लगेच पटलं, कारण देवनागरीच्या केसमध्ये असे अंगाबाहेर डोकावणारे रफार आणि वेलांट्या आमच्याकडे ढीगभर होत्या.

ज्याच्या नावानं हा टाइप ओळखला जातो तो जांबात्तिस्ता बोडोनी १७४० साली इटलीत, पिडमाँटमधल्या सालुत्सो गावी जन्मला. वडील मुद्रक. अठराव्या वर्षी तो रोमला गेला आणि ‘प्रोपागांडा फिदे’ या चर्चच्या धर्मप्रचार संस्थेच्या छापखान्यात कामाला लागला. या छापखान्याचं वैशिष्ट्य असं, की मिशनरी जगात जिथे जिथे जात तिथल्या लिप्यांचे खिळे तिथे असत. परक्या लिप्यांचे जुने पंच साफ करायचे, लावायचे, हे काम या पोराकडे आलं आणि तिथेच त्याला पंच कापायचा नाद लागला.

मराठी वाचकानं इथे थोडं थांबावं. याच छापखान्यातून १७७१ साली ‘अल्फाबेटुम ब्रम्हानिकुम’ हे देवनागरी लिपीची ओळख करून देणारं पुस्तक निघालं, सुट्या नागरी खिळ्यांनी छापलेलं. आणि १७७८ साली इथूनच मराठीचं एक व्याकरण बाहेर पडलं. समजावणी पोर्तुगीज भाषेत, पण मराठी शब्द देवनागरी खिळ्यांत. ही पुस्तकं निघाली तेव्हा बोडोनी रोममध्ये नव्हता, पार्म्यात होता, तेव्हा त्या खिळ्यांचं श्रेय मी त्याला देत नाही. पण ज्या घरात तो हे काम शिकला त्याच घरात पेशवाईच्या काळात आपली अक्षरं शिशात उतरली, हे वाचलं त्या दिवशी मला लग्नाची केस आणि तिच्या वरच्या रॅकमधली मराठीची केस यांचं नातं जुनं असल्यासारखं वाटलं.

१७६६ साली बोडोनी रोम सोडून इंग्लंडला निघाला आणि वाटेत गावी आजारी पडला. इंग्लंड राहिलंच. १७६८मध्ये पार्म्याच्या ड्यूक फर्डिनांडनं त्याला राजछापखाना उभारायला बोलावलं. सुरुवातीला त्यानं पॅरिसच्या फूर्नियेकडून टाइप आणवले. मग हळूहळू स्वतःचे कापायला लागला. आणि आयुष्यभर कापत राहिला. १८१३ साली तो गेला तेव्हा मागे राहिलेले पंच २५ हजारांवर होते. एक पंच म्हणजे पोलादाच्या कांडीच्या टोकावर हातानं कोरलेलं एक अक्षर. तो तांब्यावर ठोकायचा, तांब्यात खोलगट अक्षर उमटतं, त्यावर साचा धरून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, तेव्हा कुठे एक खिळा हाती येतो. एकाच मापाच्या एकाच अक्षराचे त्यानं तीन-तीन, चार-चार अवतार कापले: एक किंचित रुंद, एक किंचित चेपलेला, एक जरा काळा. भिंग लावल्याशिवाय फरक कळत नाही, पण ओळ जुळवली की पानाचा रंग बदलतो. त्याच्या मापांना नावंही गोड होती. सगळ्यांत बारीक माप ‘पार्मिजानिना’, म्हणजे छोटी पार्माकरीण. एका मापाचं नाव ‘फिलॉसोफिया’, एकाचं ‘लेत्तुरा’ म्हणजे वाचन.

तिरपं अक्षर काही त्याचा शोध नव्हे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसनं १५०१ साली व्हर्जिलच्या कविता खिशात मावतील एवढ्या पुस्तकात छापल्या, त्या फ्रांचेस्को ग्रिफोनं कापलेल्या तिरप्या, दाट अक्षरांत. दरबारातले आणि विद्वानांमधले लोक भरभर लिहिताना जे वळण काढत, त्याचंच ते शिशातलं रूप. बाकीच्या जगानं त्याला इटलीवरून ‘इटालिक’ म्हटलं. इटालियन लोक त्याला ‘कोर्सिव्हो’ म्हणतात, म्हणजे धावतं. पण आल्दुसच्या धावत्या अक्षरात जाड-बारीक फरक थोडाच आहे. तिथून बोडोनीच्या टोकाच्या फरकापर्यंत यायला जवळजवळ तीनशे वर्षं लागली आणि त्या काळात मुख्य बदललं ते लिहिण्याचं हत्यार.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी बोटांना कळलं होतं. मराठी कित्ता आम्ही बोरूनं गिरवायचो आणि इंग्रजीला टाक. बोरूचं टोक तिरपं छाटलेलं असतं. त्याची रुंदी ठरलेली. दिशा बदलली की रेघ जाड किंवा बारीक होते. तुम्ही कितीही दाबा, ती फुगणार नाही. देवनागरीच्या पोटातलं जाड आणि वळणावरचं बारीक हे सगळं त्या छाटणीतून येतं. टाकाचं निब अणकुचीदार, मधोमध चिरलेलं. खाली ओढताना दाबलं की चीर उघडते आणि रेघ भरते. वर जाताना हात हलका सोडला की चीर मिटते आणि केसाएवढी रेघ उरते. बोरूत जाड-बारीक हत्याराच्या अंगी असतं, टाकात ते हाताच्या दाबात असतं. अठराव्या शतकात युरोपातले लेखनशिक्षक या दुसऱ्या वळणाचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून विकत होते. इंग्लंडचा जॉन बास्करव्हिल मुद्रक होण्याआधी असाच लेखनशिक्षक होता. त्यानं १७५७ साली व्हर्जिल छापला तेव्हा ते वळण त्याच्या टाइपात आणि गुळगुळीत कागदावर उतरलं. पॅरिसच्या फर्मिन डिडोनं ते आणखी ताणलं, बोडोनीनं पार्म्यात. दोघांच्या नावांची सांधणी करून या कुळाला आज ‘डिडोन’ म्हणतात.

टाकाची ही गोष्ट बोडोनीला एकानं पत्रानं कळवली होती, आणि तो माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिन मूळचा मुद्रक. १४ ऑक्टोबर १७८७ रोजी, अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करून महिना होतो न होतो तोच, एक्याऐंशी वर्षांच्या या गृहस्थानं फिलाडेल्फियाहून पार्म्याला पत्र लिहिलं. बोडोनीचा नमुना-ग्रंथ त्याला मिळाला होता. आधी त्यानं मनापासून कौतुक केलं, मग विषय काढला तो इटालिकमधल्या कॅपिटल अक्षरांचा. एका पानावरचा टी दुसऱ्या पानावरच्या टीपेक्षा बरा वाटतो, कारण लिहिताना जी दांडी आपण वरून सुरू करतो ती लेखणी खाली येता येता आपोआप फुगते. ए, एम आणि एन यांतल्या काही दांड्या तेवढ्या खालून सुरू होतात म्हणून बारीक राहतात, असं त्याचं म्हणणं. राज्यघटना हातावेगळी करून आलेला म्हातारा एका टीच्या दांडीवर असा विचार करतो, याचं मला अतोनात प्रेम वाटतं. माझे अण्णा त्याला ताबडतोब चहाला बोलावते.

बोडोनीच्या छापखान्याचं मोठं काम ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथांचं होतं, त्यावर खूप लिहिलं गेलं आहे. माझं लक्ष जातं ते लग्नाच्या कामांकडे. त्या काळी इटलीत मोठ्या घरातलं लग्न ठरलं की मित्रमंडळी कविता करत आणि त्या छापून वाटत. अशी कामं पार्म्याला सतत येत. १७७५ साली पिडमाँटच्या राजपुत्राचं फ्रान्सच्या राजाच्या बहिणीशी लग्न ठरलं, तेव्हा बोडोनीनं २५ परक्या लिप्यांत शुभेच्छांचा ग्रंथच काढला. रोममधली सगळी उमेदवारी त्यानं त्या एका लग्नाला अहेर म्हणून दिली म्हणायची. आमच्याकडे ट्रेडलवर गुलाबी कागदाची मंगलाष्टकं निघत, मामानं नाहीतर शाळेतल्या गुरुजींनी रचलेली, प्रत्येक कडव्यात वधूवरांची नावं गुंफलेली. अक्षता पडायच्या आत वाटून व्हायची आणि दुसऱ्या दिवशी मांडवात पायदळी. तरी अण्णा त्यांचं प्रूफ पंचांगाच्या प्रुफासारखं तपासत.

या अक्षराला टीकाकारही जबर मिळाले. विल्यम मॉरिससारख्या माणसानं बोडोनीचा टाइप कुरूप आणि वाचायला अशक्य ठरवला. एकोणिसाव्या शतकात या वळणाच्या सवंग नकला स्वस्त कागदावर, झिजल्या खिळ्यांनी, दाटीवाटीनं छापल्या जात होत्या, आणि त्या वाचताना डोळे खरोखर दिपतात. जाड दांड्या तेवढ्या गजांसारख्या उभ्या दिसतात, त्यांना जोडणाऱ्या रेघा गायब. मॉरिसचा संताप मला समजतो. पण बोडोनीची स्वतःची पानं पाहिली की तो दोष त्याच्या माथी मारता येत नाही. तो समास मोठे सोडतो, ओळींमध्ये भरपूर हवा ठेवतो, शाई दाट आणि काळी वापरतो, कागद निवडून घेतो. बारीक रेघेला काय लागतं हे त्याला माहीत होतं आणि तो ते तिला देत होता.

आम्हालाही ते माहीत होतं, तरी एकदा चूक झाली. १९७४चा वैशाख. तीनशे इंग्रजी पत्रिकांचं काम. नवरीच्या नावात दोन ई होते. ईच्या पोटातली आडवी रेघ ही त्या सगळ्या टाइपातली सर्वांत नाजूक जागा. ती झिजली की ई जाऊन सी दिसतो. केस दहा वर्षं वापरलेली. त्या वर्षी एका फाउंड्रीकडून थोडे नवे ई मागवले होते, ते मऊ धातूचे निघाले. पहिल्या शंभरेक प्रतींत रेघ उमटत होती. पुढे ती भरली, तुटली, नाहीशी झाली, आणि मशीनवरच्या माणसाच्या लक्षात आलं नाही. पत्रिका घेऊन गेलेले वधूपिता संध्याकाळी परत आले. रागावले नाहीत. एक पत्रिका टेबलावर ठेवली आणि मुलीच्या नावावर बोट ठेवून उभे राहिले.

अण्णांनी त्या रात्री फर्मा पुन्हा लावला. जुन्या केसमधून धड असलेले ई एकेक करून उजेडात पाहून निवडले. दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून त्या ओळीच्या मागे खळीनं टिश्यूचा पातळ कपटा चिकटवला, एक प्रत काढली, अर्धा कपटा फाडून काढला, पुन्हा प्रत. शाई कमी केली तर रेघ तुटायची, वाढवली तर पोट भरायचं. अकराच्या सुमारास मनासारखं झालं. मग तीनशे प्रती त्यांनी स्वतः ट्रेडल मारून काढल्या आणि मी एकेक प्रत दिव्याखाली धरून फक्त ईची रेघ पाहत होते. तीनशे पत्रिका म्हणजे सहाशे रेघा.

आमची ती केस बोडोनीच्या मूळ साच्यातली अर्थातच नव्हती. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटननं १९१०च्या सुमारास बोडोनीचं वळण नव्यानं आखलं, जर्मनीत १९२६ साली हाइनरिश योस्टनं बाउअर फाउंड्रीसाठी आखलं, आणि तिथून ते जगभरच्या छापखान्यांत गेलं. मग फॅशनच्या मासिकांनी ते उचललं. अलेक्सी ब्रोडोविच १९३४ ते १९५८ ‘हार्पर्स बझार’चा कला-संचालक होता; पानभर पांढरी जागा सोडून कोपऱ्यात दोन ओळी या कुळातल्या अक्षरांच्या, ही त्याची रीत. अत्तराच्या बाटल्या, ‘व्होग’चं नाव, दागिन्यांच्या पेढ्यांच्या जाहिराती, सगळीकडे आज हेच कूळ दिसतं, आणि इटालिक दिसतं ते बहुधा एखाद्या नावापुरतं, एका शब्दापुरतं. बोडोनीनं दिलेली मोकळी जागा तिथे त्याला पुन्हा मिळाली.

संगणकावर मात्र सुरुवातीला त्याचे हाल झाले. शिशाच्या काळात प्रत्येक मापाचा पंच वेगळा कापला जाई. बारीक मापाची केसरेघ मोठ्या मापाच्या मानानं जाडच ठेवली जाई. संगणकानं एकच चित्र घेतलं आणि ते हवं तसं ताणलं, आकसलं. मोठ्या मापात रेघा भोंगळ, छोट्या मापात गायब. पुढे लोक शहाणे झाले. जोनाथन हॉफलरनं ‘हार्पर्स बझार’साठी केलेल्या डिडोमध्ये वेगवेगळ्या मापांसाठी वेगळी अक्षरं आखली. १९९४च्या ‘आयटीसी बोडोनी’साठी मंडळी पार्म्याला जाऊन मूळ पंच पाहून आली आणि ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी तीन निराळे संच केले. पोलादाला जे ठाऊक होतं ते पुन्हा शिकावं लागलं.

या सगळ्यात माझी खरी तळमळ वेगळीच आहे. मराठी मजकूर निवडायचा आणि तिरप्या आयचं बटण दाबायचं, हे आता पत्रिकांपासून पुस्तकांपर्यंत सर्रास चालतं. काना कलंडतो, शिरोरेघ आडवीच राहते, आणि बोरूच्या छाटणीनं जिथे जाड यायला हवं तिथून जाड सरकतं. ते इटालिक नव्हे, ती ढकललेली देवनागरी आहे. निर्णयसागरसाठी राणोजी रावजी आरूंनी जी अक्षरं कापली त्यांच्याकडे एकदा नीट पाहावं म्हणजे ती ढकलायला हात धजणार नाही. इटालिक म्हणजे तिरपा केलेला रोमन नाहीच. त्यात एचं आणि एफचं रूपच बदलतं, कारण ते मुळात धावत्या हाताचं अक्षर आहे. आपलं धावतं अक्षर कुठलं? मोडी. हात न उचलता लिहायची, कारकुनी, लवलवती मोडी. तिचे खिळेही झाले होते. विल्यम केरीनं १८१० साली श्रीरामपूरला मराठीचा कोश मोडी खिळ्यांत छापला. इटलीत धावतं अक्षर उभ्या अक्षराच्या शेजारी, एकाच पानावर, घरच्यासारखं नांदलं. आपल्याकडे बाळबोध छापखान्यात राहिली आणि मोडी दफ्तरात, मग दफ्तरातूनही गेली. मोडीच्या वळणावरून बाळबोधीची एखादी धाकटी बहीण आखता येईल, पत्रिकेतल्या नावांसाठी, ग्रंथनामांसाठी, कवितेच्या अर्पणपत्रिकेसाठी. मी गेली काही वर्षं ती बोरूनं काढून पाहते आहे. क, ल आणि श जमले आहेत. झ अजून हटून बसला आहे.

२०१६ साली मुलाकडे मिलानला गेले होते तेव्हा पार्म्याला जाऊन आले. बोडोनी संग्रहालय पिलोत्ता राजवाड्यात आहे. १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत या वाड्याची मोठी पडझड झाली होती. संग्रहालय १९६३ साली सुरू झालं. बोडोनीच्या मागे त्याची बायको मार्गेरीता हिनं फोरमनला हाताशी धरून १८१८ साली त्याच्या सगळ्या अक्षरांचा दोन खंडांचा ‘मानुआले तिपोग्राफिको’ छापून पुरा केला. तो पाहायचा म्हणून गेले होते. त्यात रोमन अक्षरांच्या जोडीनं तिरप्या अक्षरांची पानंच्या पानं आहेत. पण माझा वेळ गेला तो काचेच्या पेटीतल्या पंचांपाशी. करंगळीएवढ्या पोलादी कांड्या, टोकावर उलटी अक्षरं. चष्मा कपाळावर सारून काचेला नाक लावलं आणि तिरप्या अक्षरांत ई शोधला. सापडायला वेळ लागला. पोटातली आडवी रेघ अखंड होती. तिच्या दोन्ही बाजूंनी पोलाद कोरून काढताना हात कसा धरला असेल ते कळेना, म्हणून मुलाला म्हटलं, तू पुढे हो, मी अजून थोडा वेळ थांबते.